एकाच रात्री ऐकलेल्या दोन आयती

रमजानच्या तरावीहमध्ये जिथे रोज सव्वा पारा वाचला जातो, तिथे साधारण चौथ्या रात्री 'सूरह निसा' येते. निसा म्हणजे स्त्रिया. या सूरहची 3री आणि 129वी आयत त्यामुळे बहुधा एकाच रात्री कानावर पडते. पहिलीत अनाथांच्या हक्काची काळजी व्यक्त करून दोन, तीन, चार निकाहची परवानगी दिली आहे, आणि न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असे लगेच बजावले आहे. दुसरीत पुरुषांना सांगितले आहे की, कितीही मनात आणले तरी बायकांमध्ये पूर्ण समान न्याय तुमच्याने होणार नाही. निदान एकीकडे सगळे झुकून दुसरीला अधांतरी सोडू नका.

हाफिजसाहेब दोन्ही आयती सुरेल वाचतात. सफेत उभ्या असलेल्या आमच्यापैकी बहुतेकांना अरबी कळत नाही. नमाज आटोपून आम्ही देगलूर नाक्यावर चहा पितो आणि घरी जातो.

"सर, तुमच्यात चार चालतात ना?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये दरवर्षी एकदा तरी येतो, बहुधा इफ्तारीच्या खजुराबरोबरच. विचारणारे मित्रच असतात. मीही ठरलेले उत्तर देतो: 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया मुसलमानांत 1.9 टक्के आणि हिंदूंत 1.3 टक्के होत्या. हिंदूंना तर 1955च्या कायद्याने बंदी आहे. मित्र गप्प होतात, मी जिंकतो. पण आकडा फेकून मी मूळ प्रश्न टाळतो, हेही खरे. ज्या बाईच्या घरात सवत आली, तिला या टक्केवारीचा काय उपयोग?

मूळ प्रश्न असा की, या दोन आयती एकत्र कशा वाचायच्या. यावर उलेमा आणि अभ्यासकांत मतभेद आहेत आणि गंमत म्हणजे त्यातली दोन्ही टोके आपल्याच मुलखात सापडतात. मौलवी चिराग अली हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. नांदेड तेव्हा त्याच संस्थानात. 1883 साली मुंबईत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी मांडले की, न्यायाची अट घालायची आणि तो न्याय अशक्य आहे असेही सांगायचे, याचा अर्थ कुरआनने बहुपत्नीत्व जवळजवळ बंदच केले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनीही त्याच काळात या प्रथेने घरांची कशी नासाडी होते ते सांगून तिला आवर घालण्याची बाजू घेतली.

याच्या अगदी विरुद्ध बाजूला मौलाना मौदूदी. त्यांचा जन्म 1903चा, औरंगाबादचा. कुरआनवरच्या भाष्यात त्यांनी या युक्तिवादावर कडक टीका केली आहे. त्यांचे म्हणणे, आणि बहुसंख्य पारंपरिक उलेमांचेही, असे की पहिल्या आयतीतला न्याय म्हणजे खर्च, घर, वेळ यांची समान वाटणी. ती माणसाला जमते. दुसऱ्या आयतीत मनाच्या ओढीबद्दल बोलले आहे. ती कुणाच्या हातात नसते. म्हणून परवानगी कायम.

मला स्वतःला मौलानांचा युक्तिवाद भाषेच्या अंगाने पटतो. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष पटत नाही. ही आयत उतरली ती उहुदच्या लढाईनंतर. सुमारे सत्तर माणसे मारली गेली होती, विधवा आणि पोरकी मुले मागे राहिली होती. आज आपल्या भागात दुसरा निकाह करणारा किती वेळा एखाद्या विधवेला आधार द्यायला करतो? आणि खर्चाची समान वाटणी तरी कोण मोजून पाहतो? अट पाळली की नाही हे विचारणारा कुणी नसेल, तर उरते ती फक्त परवानगी.

हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा त्यांची वाट वेगळी होती: धर्मग्रंथ बाजूला ठेवा, सर्वांना एक कायदा करा. त्या सात जणींचे धाडस मी मानतो. पण आमच्या मोहल्ल्यात ती भाषा पोचली नाही. तिथे फिकहच्या भाषेत बोलावे लागते, आणि फिकहमध्येही दार आहे. हंबली पंथात 'नवरा दुसरा निकाह करणार नाही' अशी अट निकाहच्या वेळी घालता येते. ती मोडली तर बायको निकाह तोडू शकते. आपण बहुतेक हनफी. तिथे ही अट तशी बांधून ठेवत नाही, पण नवरा तलाकचा अधिकार बायकोला सोपवू शकतो. याला तफवीज म्हणतात. दुसरा निकाह केलास तर हा अधिकार माझा, असे निकाहनाम्यात लिहून घेता येते. शिवाय 1939चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहेच. एकाहून अधिक बायका असताना कुरआनच्या आज्ञेप्रमाणे समान वागणूक न मिळाल्यास स्त्री कोर्टातून निकाह तोडून मागू शकते. हे कायदे आमच्या मुलींना कुणी शिकवत नाही, कॉलेजात मीही नाही.

लातूरला माझ्या थोरल्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारले होते, "मामू, वो तफवीज का लिखवा सकते क्या?" मी मोठ्यांच्या बैठकीत विषय काढला. "आतापासूनच भरोसा नै क्या?" एक बुजुर्ग म्हणाले. दुसऱ्यांनी शुभप्रसंगी तलाकचा शब्द काढल्याबद्दल नाक मुरडले. मुलाकडचे काही बोललेच नाहीत. गप्प बसलो तो मीच. निकाहनाम्यात मेहर लिहिली गेली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि ती अट राहून गेली. भाची सुखात आहे, अल्लाहची मेहरबानी. पण त्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा पाहिले होते, ते चौथ्या तरावीहला मला हटकून आठवते.

ईदनंतर धाकटीची बोलणी आहेत. या वेळी ते कलम उर्दूत आणि मराठीत, दोन्हीत मी आधीच लिहून ठेवले आहे.