टाक्यांचा हिशेब

मराठी घरात एक वस्तू अशी असते, की तिची किंमत कुणी विचारत नाही आणि विचारलीच तर कुणाला सांगता येत नाही. शालूची पावती कपाटात जपून ठेवलेली असते. तांब्याचं घंगाळ किती शेरांचं, हे आजीला तोंडपाठ असतं. पण गोधडी केवढ्याची? ती 'घरचीच' असते. कुणीतरी शिवलेली, कुणाच्या तरी लुगड्यांची. मुलूख बदलला की तिचं नाव बदलतं. कुठं ती वाकळ होते, तान्ह्या बाळापुरती असली तर दुपटं होते. किंमत मात्र सगळीकडे सारखीच नसते.

अलीकडे गोधडी बाजारात आली आहे. शहरांतल्या प्रदर्शनांत तिचे गाळे लागतात, मोबाइलवरून ती मागवता येते, परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात ती हौसेनं घातली जाते. याचा मला आनंदच आहे. पण अशा एखाद्या गाळ्यापाशी पंधरा मिनिटं उभं राहावं. एक वाक्य हमखास कानावर पडतं. "एवढे पैसे? अहो, जुन्या साड्याच तर आहेत!" बोलणारी माणसं दुष्ट नसतात. चांगली, घरंदाज, चार पैसे दानधर्म करणारी असतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्या वाक्याशी आहे.

गोधडी होते कशी, ते आधी पाहू. दिवाळीनंतर किंवा शेतातली कामं आटोपल्यावर, पावसाळ्याच्या आत, हे काम निघतं. जुनी सुती पातळं, धोतरं, सदरे सोड्याच्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. शिवणी उसवायच्या. काठ कापून बाजूला ठेवायचे. विरलेला भाग आत, धडका भाग बाहेर, हा पहिला नियम. मग अंगणात किंवा ओसरीवर अस्तर पसरायचं, सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि त्यावर एकेक थर चढवायचा. थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. एवढं झाल्यावर खरी शिलाई सुरू होते. धावदोरा कडेनं निघतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे सरकतो. शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते. एक मांडी घातलेली, एक गुडघा उभा. तिच्या वजनानं कापड ताणलेलं राहतं. चार-पाच थरांतून सुई ओढताना बोटाला भोकं पडतात. अंगुस्तान असलं तर ठीक, नाहीतर चिंधी गुंडाळायची. सुती कापडातून सुई मुकाट्यानं जाते. टेरिलिन आणि नायलॉन घरात आले तेव्हापासून थर निसटतात, टाका नीट बसत नाही आणि हात जास्त दुखतो.

हे काम एकटीनं क्वचितच होतं. दुपारची जेवणं उरकली की शेजारच्या दोघी-तिघी येतात आणि चार बाजूंनी चौघी बसतात. युरोप-अमेरिकेत रजया शिवणाऱ्या बायकांची रीतसर मंडळं असतात. वर्गणी, बैठका, वार्षिक प्रदर्शनं, सगळं असतं. आपल्या ओसरीवरच्या मंडळाला ना नाव, ना नोंदणी. पण नियम तितकेच कडक. कुणाचा टाका मोठा पडतो, कुणाचा दोरा फार ताणला जाऊन कापड चुण्या धरतं, कुणाला कोपरा वळवता येतो, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. वाकडी ओळ गेली तर थोरली बाई काही न बोलता ती उसवते. नवखीला आधी मधले टाके मिळतात, कडा मिळत नाही. कडा मिळाली की समजावं, बाई उत्तीर्ण झाली.

आणि यात हौस किती असते! उबेसाठी रंग जुळवावे लागत नाहीत. तरीही हिरव्या काठाशेजारी कोणता तुकडा शोभेल यावर अर्धी दुपार वाद होतो. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका 'कवंद' शिवतात. ही आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. तीही कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेनं मध्याकडे जाते. कवंदाच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली लहानशी फुलं लावतात. ती नसतील तर कवंद पुरं झालं असं त्या मानत नाहीत. या फुलांनी थंडी तसूभरही कमी होत नाही. पण गरज जिथं संपते तिथं त्या फुलाची घडी पडते, आणि आवड म्हणतात ती हीच.

माझा धंदा मात्र आवडीचा नव्हता, आकड्यांचा होता. तीसहून अधिक वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावी. १९९२ साली नाबार्डनं महिला बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शाखेच्या बाकावर बायका दिसू लागल्या. कर्ज कशासाठी, हा रकाना भरायचा असे. म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र, पापड, मसाला. एका गटातल्या मावशींनी आजूबाजूच्या चार वस्त्यांच्या गोधड्या शिवल्या होत्या. मोबदला म्हणून पायलीभर ज्वारी, कधी खण, कधी नुसताच चहा. मी म्हटलं, "मावशी, हाच व्यवसाय लिहू या की." त्या हसल्या. "साहेब, त्यो काय धंदा न्हाई. ती आवड हाय." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या आणि रकान्यात शेळ्या लिहिल्या गेल्या.

त्या उत्तरातला अभिमान मला तेव्हाही कळला होता. पण त्याच शब्दावर बाजार टपून बसलेला असतो, हे मला लोकांचे हिशेब पाहता पाहता कळत गेलं. बाई म्हणते 'आवड' आणि घेणारा ऐकतो 'फुकट'.

म्हणून एकदा बँकेच्या सवयीनं कागदावर मांडणी केली. वाचकांनीही करून पाहावी, पाचवीचं गणित आहे. गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद धरू. टाक्यांच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. म्हणजे चौऱ्याऐंशी इंचांच्या १२० ओळी. एकूण लांबी १०,०८० इंच, म्हणजे ८४० फूट. मीटरमध्ये अडीचशेच्या वर. इंचाला दोन टाके धरले तर वीस हजारांहून अधिक टाके होतात. चार-पाच थरांतून सुई ओढायची, दोरा संपला की पुन्हा ओवायचा, गाठ मारायची. मिनिटाला दहा टाके पडले तरी हात चांगला म्हणायचा. म्हणजे साडेतेहतीस तास नुसती शिलाई. धुणं, उसवणं, थर लावणं आणि कडा दुमडणं यांना आणखी दीड दिवस. आठ तासांचा दिवस धरला तर सगळे मिळून सहा दिवस झाले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सहा दिवसांचे १,७८२ रुपये. ही मजुरी अकुशल कामाची, म्हणजे माती उपसण्याची. तिच्यात कापड, दोरा, साबण धरलेला नाही, रंगाची नजर धरलेली नाही आणि कडा मिळेपर्यंतची उमेदवारी तर नाहीच नाही. त्या भावानं हिशेब केला, तर हजार रुपयांना हातशिलाईची गोधडी घेऊन "स्वस्त पडली" म्हणणाऱ्यानं सहातल्या जवळजवळ तीन दिवसांची मजुरी बुडवलेली असते. कुणाची, ते त्याला माहीतही नसतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की बाई ते फावल्या वेळात करते, आवडीनं करते, मग मजुरी कसली? पण फावला वेळ बाईचा आहे, गिऱ्हाइकाचा नव्हे. गवयाला गाण्याची आवड असते म्हणून बिदागी कापत नाहीत, डॉक्टरला आवड असली तर उलट फी वाढते. लेखकांना मात्र हा न्याय लावतात, त्याचा अनुभव मला आहे. म्हणून तर त्या मावशींची बाजू मला लवकर पटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैसा आला की आवड जाते, ओसरीचा कारखाना होतो, असं म्हणतात. या भीतीत तथ्य आहे. तिचं उत्तर मला सापडलं ते दूर अमेरिकेतल्या एका खेड्यात. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथं राहतात. त्यांच्या बायका कामाचे फाटके कपडे जोडून रजया शिवत, कारण घरांच्या फटींतून थंडी आत येई. मतदानाच्या हक्काची चळवळ सुरू झाली आणि नाव नोंदवायला गेलेल्यांपैकी काहींची घरं गेली, काहींची कामं गेली. त्या दिवसांत, १९६६ साली, तिथल्या आणि शेजारच्या वस्त्यांतल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. 'बी' म्हणजे एकत्र बसून काम करण्याची बैठक, आपली ओसरीच.

१९७२ साली सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचं काम त्यांना मिळालं. उश्यांचे अभ्रे शिवायचे, जाड रेघारेघांच्या कॉर्डरॉय कापडाचे, सगळे एका मापाचे. त्यात कलाकुसरीला जागा नव्हती, पण पगार होता. गंमत पुढं आहे. अभ्रे कापून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी नेत आणि संध्याकाळी त्यांतून आपल्या मनाच्या रजया शिवत, कुणाची ऑर्डर नसताना. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या रजयांचं प्रदर्शन भरलं, तिथून ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं आणि मोठमोठे समीक्षक थक्क झाले. त्यात या कॉर्डरॉयच्या रजयाही होत्या. २००६ साली अमेरिकी टपाल खात्यानं जीज बेंडच्या रजयांची तिकिटं काढली.

कौतुकानं हिशेब मिटतो, असं मात्र नाही. २००७ साली त्यांतल्या काही जणी कोर्टात गेल्या; आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या वर्षी ते दावे तडजोडीनं मिटले. मूळ सहकारी संस्था २०१२ साली बंद झाली. तरी एक गोष्ट त्या बायकांनी सिद्ध करून ठेवली. मजुरी आणि आवड एकाच घरात, एकाच सुईवर नांदू शकतात. दिवसाचं काम दामाचं आणि संध्याकाळचं मनाचं. पैशानं आवड मारली नाही, उलट तिला कापड पुरवलं. आवड मरते ती फुकट राबून. आईचे दुखरे गुडघे आणि रिकामा हात पाहिलेली मुलगी सुई हातात घेत नाही, आणि तिला दोष कुणी द्यावा?

तेव्हा आपण काय करावं? विकणाऱ्या गटांनी चिठ्ठीवर नुसता आकडा लिहू नये. कापड किती, दोरा किती, शिलाईचे दिवस किती, हे वेगळं लिहावं. शिंप्याची शिलाई आपण कापडाच्या भावात मोजत नाही, मग हिची का मोजावी? ज्यांच्या कपाटात आईच्या साड्या पडून आहेत त्यांनी त्या भांडीवालीला देऊन स्टीलचा डबा घेण्याऐवजी शिवणाऱ्या बाईला द्याव्यात आणि दिवसाच्या मजुरीवर ठरवावं. हजार-पाचशे जास्त जातील, पण पुढची कित्येक वर्षं त्या साड्या अंगावर राहतील. आणि मोठ्या ऑर्डरी आणणाऱ्यांनी पन्नास गोधड्या एका नक्षीच्या मागवल्या तरी मधला चौकोन बाईच्या मर्जीवर सोडावा. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी यंत्रावरची रजई खुशाल घ्यावी. ती काही पाप नाही. फक्त तिच्या भावात हातशिलाई मागू नये.

शेवटची सूचना अगदी बिनखर्चाची आहे. लग्नात आलेल्या भांड्यांवर आपण नाव घालतो. कुणी दिलं, कोणत्या तारखेला दिलं, सगळं कोरलेलं असतं. पितळेच्या पातेल्यावर मामांचं नाव तीन पिढ्या टिकतं, आणि त्यांनी ते पातेलं केलेलंही नसतं, नुसतं विकत आणलेलं असतं. वीस हजार टाके घालणारीचं नाव मात्र गोधडीवर कुठंच नसतं. यापुढं ते असावं. एका कोपऱ्यात, रंगीत दोऱ्यानं, शिवणारीचं नाव आणि साल. एवढ्या टाक्यांत आणखी पन्नास टाके तिला जड नाहीत. ते कुणी सांगत नाही, म्हणून ती घालत नाही.