चार की पाच?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी छापील कुलवृत्तान्त असेल. नसल्यास एखाद्या वडीलधाऱ्याने हाताने काढलेली वंशावळ तरी असेलच. तिच्यावरून सावकाश बोट फिरवले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी वंश पुढे चालविला त्यांची नावे तीत ठळक असतात. जे लहानपणीच गेले, त्यांच्या वाट्यास 'बालपणी वारला' एवढे दोन शब्द येतात. मुलगी असेल तर बहुधा तेही येत नाहीत.

ह्यात कोणाचा निष्ठुरपणा नव्हता. मौजीबंधनापूर्वी गेलेल्या मुलाचे वर्षश्राद्ध करीत नाहीत, व अगदी तान्ह्यास तर अग्नीही देत नाहीत. भूमीच्या स्वाधीन करितात. श्राद्ध नाही म्हणून तिथी कोणी ध्यानात ठेवीत नाही, आणि तिथी गेली की नावही जाते. कित्येकांस तर नावच लाभत नाही. भिवंडीहून खाडी ओलांडली की कल्याण लागते. तेथील जोशी घराण्यातील कन्या डॉक्टर आनंदीबाई ह्यांस चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा झाला व तो अवघ्या दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय ह्या दुःखातून झाला, १८८६ साली अमेरिकेत त्या पदवीधर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या बाळाचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. विचारून तरी काय उपयोग? आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते! ज्याच्या मृत्यूने एवढे कार्य घडविले, त्यास हाक मारावयास शब्दही नव्हता.

हा विचार आमच्या मनात येण्यास घरचेच निमित्त घडले. भिवंडीच्या ब्राह्मण आळीतील आमचे जुने घर पाडून तेथे नवी इमारत उभी करण्याचे ठरले, आणि माळा रिकामा करण्याचे काम आमच्याकडे आले. एका पत्र्याच्या पेटीत जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या होत्या. आमच्या पणजीस चार मुलगे, असे आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो. कुलवृत्तान्तातही चारच आहेत. पत्रिका मात्र पाच निघाल्या. पाचवी एका मुलीची होती, माघ शके १८३६ ची.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकतो. परंतु नवे इंग्रजी वर्ष लागल्यापासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे ही मुलगी १९१५ च्या आरंभी जन्मली. एका वर्षाच्या चुकीने माणूस भलत्याच वहीत शोधीत बसतो.

दुसरी खूण आमच्या डोळ्यांपुढे असूनही आम्हांस कधी दिसली नव्हती. आमच्या मधल्या चुलत आजोबांचे नाव असे होते की त्याचा अर्थच मुळी दगड. सुखवस्तू घरातील मुलास असे नाव का ठेवावे, ह्याचे आम्हांस नेहमी हसू येई. आधीचे मूल गेले असता पुढच्यास दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात होता. आपल्या वंशावळीत असे नाव आढळले, तर त्याच्या वरची जागा रिकामी नाही ना, हे वाचकांनी अवश्य पाहावे. आमचे हे आजोबा १९२० चे. तेव्हा १९१५ ते १९२० एवढ्याच काळात शोधावयाचे राहिले.

नगरपालिकेच्या जुन्या मृत्यूच्या नोंदवहीत, मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याच्या साहाय्याने, ती नोंद सापडली. ऑक्टोबर १९१८, वडिलांचे नाव, आळी, 'मुलगी, वय ४', आणि कारण 'ताप'. मुलीचे नाव नव्हते. महिना पाहताच कारण कळले. ज्या साथीस आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्या इन्फ्लुएंझाचा कहर त्याच महिन्यात झाला होता. हिंदुस्थानात तीत एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि नोंदवहीत त्यांतील बहुतेकांपुढे 'ताप' एवढेच पडले. ज्यांचे घर खेड्यात असेल त्यांनी तालुक्याच्या दप्तरातील कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्या. मात्र आमच्या घराण्याच्या लेखात तेथे मुलगेच लिहिलेले आढळले.

पत्रिकेत नाव होते, पण ते नक्षत्राच्या चरणावरून काढलेले. तसे नाव घरात कोणी हाकेस वापरीत नाही. तेव्हा जिवंत साक्षीवाचून गत्यंतर नव्हते, आणि ती साक्ष एकच होती: नव्वदी गाठलेली आमची आजी. जुने दुःख उकरून काय मिळवावयाचे, असे घरातील वडील मंडळींचे म्हणणे पडले. आम्हांसही ते क्षणभर पटले. तरी एके दिवशी दुपारी आम्ही ती गुंडाळी आजीच्या हाती दिली.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सासूबाईंना पुरुषमंडळींसमोर कोणी विचारलं, की त्या 'मुलं चार' म्हणायच्या. माजघरात आम्हा बायकांत बसल्या, की 'पाच'. मला वाटायचं, म्हातारपणी मोजण्यात चूक होते. एकदा मी ती सुधारली. त्या माझ्याकडे पाहून गप्प बसल्या, आणि त्यानंतर माझ्यासमोरही चारच म्हणू लागल्या."

एवढे बोलून तिने डोळ्यांस पदर लावला. सत्तर वर्षांमागची ती चूक तिने आजवर कोणासही सांगितली नव्हती. हाकेचे नाव तिला ठाऊक होते. सासूबाईंच्या तोंडून एकदाच, तापात बरळताना, तिने ते ऐकले होते. ते तिने आम्हांस सांगितले.

ज्यास संतती नाही तो पूर्वज कसला, असे कोणी विचारील. शब्दकोशाच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु ज्या मुलीच्या जाण्याने पाठच्या भावास दगडाचे नाव मिळाले आणि एका आईस आयुष्यभर दोन हिशेब ठेवावे लागले, तिचे आमच्या घराण्यात काहीच नाही, असे म्हणणे आम्हांस आता शक्य नाही.

ते नाव आम्ही येथे छापीत नाही. घरच्या वहीत, पणजीच्या नावाखाली, दोन मुलग्यांच्या मधल्या जागी ते लिहिले आहे. लिहिताना आजी शेजारी बसली होती. शाई वाळल्यावर तिने एकेका नावावर बोट ठेवून मोजले, आणि पाच म्हणाली.

वाचकांच्या घरीही अशी एखादी आजी असेल. दप्तरे आणखी काही वर्षे थांबतील. तिला विचारावयाचे ते आजच विचारावे.