उपकार नको, पावती हवी



जिल्ह्याच्या बैठकीआधी गावोगाव फिरलो की आम्हाला एक गोष्ट हमखास दिसते. पारावर बसलेली माणसे सांगतात, वारसाची नोंद वर्षभर अडली आहे, डीपी जळून पंधरा दिवस झाले, बोंडअळीच्या पंचनाम्यात शेजाऱ्याचे वावर आले आणि आपले सुटले. तीच माणसे ग्रामसभेत रजिस्टरवर सही करतात आणि मुकाट्याने घरी जातात. पारावर एवढी धारदार असलेली जीभ ग्रामसभेत लुळी का पडते?

कारण उघड आहे. उद्या त्याच टेबलापाशी उभे राहायचे आहे. मग साहेबाच्या तोंडावर तक्रार करणार कोण? म्हणून आपण दुसरी वाट धरली. पुढाऱ्याची चिठ्ठी, ओळखीचा कारकून, नाहीतर तहसीलसमोर बसलेला दलाल. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असे हसत म्हणायचे आणि खिशात हात घालायचा.

या वाटेने काम होते, हे आम्ही नाकारत नाही. पण या वाटेचा खर्च एकदा मांडून पाहा. हातावर टेकवलेल्या नोटा हा त्यातला लहान खर्च. मोठा खर्च निवडणुकीच्या दिवशी निघतो. ज्याच्या चिठ्ठीने नोंद झाली, ज्याच्या फोनने डीपी आली, त्याला मत. कायद्याने जे आपलेच होते ते त्याने उपकार म्हणून दिले आणि बदल्यात पाच वर्षांचा कारभार नेला. टेबलावरचे काम आपोआप वेळेत होऊ लागले तर अशा पुढाऱ्याच्या दारात कोण जाईल? ज्या गाठीवर त्याचे दुकान चालते ती गाठ तो कशाला सोडवील? हक्काचे काम मेहेरबानीने मिळू लागले की नागरिकाचा याचक होतो. आणि याचकांच्या मतांवर जो कारभार चालतो त्याला लोकशाही म्हणायचे की नवी वतनदारी, हे तुम्हीच ठरवा.

यातून वाट काढणारे लोक आपल्यासारखेच कोरडवाहू मुलखातले होते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची मस्टरे आणि बिले भर सभेत मोठ्याने वाचली गेली. मस्टरवर ज्यांची नावे होती तीच माणसे समोर बसली होती. त्यांनी उठून सांगितले की या कामावर आम्ही गेलोच नव्हतो. मोठी भाषणे लागली नाहीत. कागद वाचला गेला आणि गावाने साक्ष दिली. एप्रिल 1996 मध्ये याच लोकांनी ब्यावर शहरात 40 दिवस धरणे धरले. मागणी एकच होती, कागद बघू द्या आणि नकला द्या. 2005 साली देशाला माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला, त्याचे एक मूळ या धरण्यात आहे. रोजगार हमीचे मस्टर काय चीज असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरे उदाहरण शहरातले आहे, पण आपल्या उपयोगाचे आहे. बंगळूरमध्ये सॅम्युअल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली घराघरांतून विचारले, पाणी, वीज, नगरपालिका यांच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? एका कामासाठी किती खेटे पडले? वरचे पैसे द्यावे लागले का? उत्तरे मोजली आणि पोराच्या प्रगतिपुस्तकासारखे खात्याखात्याचे प्रगतिपुस्तक छापले. बहुतेक खाती सपशेल नापास! 1999 आणि 2003 साली पुन्हा हीच पाहणी झाली, आणि 2003 पर्यंत समाधानी लोकांचे प्रमाण चांगलेच वाढले होते. एकट्याची तक्रार साहेब झटकून टाकतो. हजारांची मोजलेली तक्रार सहज झटकता येत नाही.

आपल्या हातात काय आहे? महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित केलेली सेवा किती दिवसांत मिळेल, कोण देईल आणि अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच मिळालीच पाहिजे. मुदत टळली तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. विजेसाठी 2003 च्या कायद्यातील 57 वे कलम आहे. सेवेची ठरलेली प्रमाणे वीज कंपनीने पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. पण हे सारे पोच असलेल्यासाठी आहे. तोंडी अर्जाला मुदत नसते आणि चिठ्ठीवर अपील होत नाही.

थोडे आपल्याही पदरात घालून घेऊ. ज्याचे काम झाले तो गप्प बसतो आणि ज्याचे अडले त्याला एकट्याला सोडतो. नवरा गेलेल्या बाईची वारसनोंद अडते तेव्हा तो तिच्या एकटीचा प्रश्न राहतो. तेही सोडा, प्रत्येक कर्मचारी खाऊच असतो असे मानणेही बरोबर नाही. एकाच तलाठ्याच्या गळ्यात दोन-तीन सजांचा कारभार असेल तर तो तरी किती ठिकाणी पुरणार? रिकामी जागा भरा, ही मागणीही हिशेब हातात असला तरच जोराने करता येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक गावाने एक वही घालावी. कोणाचे कोणते काम, अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच मिळाली का, किती खेटे झाले, पैसे मागितले का, काम कधी झाले. लिहिता येत नसेल त्याचे शाळेतल्या पोरीने लिहावे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभेत ती वही पहिल्या पानापासून वाचावी आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. वाचणारा एकटा उभा राहू नये, दहा जणांनी बरोबर उभे राहावे. मग साहेबाने राग कोणावर धरायचा?

मत पाच वर्षांतून एकदा देता येते. या वहीतली ओळ रोज लिहिता येते. पुढच्या जिल्हा बैठकीला भाकरीच्या फडक्याबरोबर गावाची वहीही घेऊन या. सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि जिल्ह्याचे प्रगतिपुस्तक आपणच लिहू.