'इथे काहीच नव्हते'

आमच्या घरात एक वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता म्हणीचे वजन आले आहे : 'आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हते.' 'इथे' म्हणजे नवी मुंबईतले वाशी. आईवडील गिरगावातल्या चाळीतली दीड खोली सोडून १९७९ साली येथे आले. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता. रेल्वे मात्र १९९२ पर्यंत आली नाही. संध्याकाळी आई गॅलरीत उभी राहून वडिलांच्या बसची वाट पाहत असे. रस्त्यांना नावे नव्हती, सेक्टर होते. घरांनाही नावे नव्हती, टाईप होते. पत्ता सांगताना आम्ही भावंडे फक्त आकडे सांगत असू.

अशा बालपणाचे साहित्यात काय करायचे, हा आमच्या पिढीपुढचा खरा प्रश्न आहे. मराठी आठवणींचे साचे ठरलेले आहेत. कोकणातले घर आहे, 'श्यामची आई'ने (१९३५) ते प्रत्येकाच्या मनात बांधून ठेवले आहे. देशावरचा वाडा आहे. 'बटाट्याची चाळ' (१९५८) आहे. नियोजित नगरातल्या मुलाला यांपैकी काहीच लागू पडत नाही. त्याच्या आठवणीत माजघर नाही, विहीर नाही, शेजारच्या आजी नाहीत. सगळे शेजारी आईवडिलांच्याच वयाचे. मग तो लिहायला बसतो तेव्हा पहिल्या ओळीत तेच घरचे वाक्य उतरते : 'इथे काहीच नव्हते.' पुढे चिखल, डास, कंदिलाच्या रात्री, आणि शेवटी आजच्या गजबजाटाबद्दलची हळहळ. हे लेखन प्रामाणिक असते. पण त्याची पहिली ओळ खोटी असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आम्हांला उशिरा कळले. शाळेत 'माझे गाव' या विषयावर निबंध होता. आम्ही सुट्टीत जात होतो त्या आजोळाचे वर्णन केले : आंबे, गोठा, ओढा. आमच्या बाकावरच्या आगरी मुलाने शाळेच्या आवाराचेच वर्णन केले. मैदानाच्या जागी आजाची भातखाचरे होती, पलीकडे खाजण होते, असे त्याने लिहिले होते. बाईंनी वाचून दाखवले तेव्हा वर्ग हसला. आम्हीही हसलो. मैदान हे शेत असू शकते, ही कल्पनाच आम्हांला विनोदी वाटली.

सिडकोची स्थापना १९७० ची. या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर ती गावे जगत होती. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई-नवघर परिसरात रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरच्या आठवणींत त्या महिन्याची नोंद नाही.

यावर कोणी म्हणेल, की हप्ते भरून घर घेणाऱ्या कारकुनाने कुणाची जमीन लुबाडली नव्हती. मान्य. आम्हांला आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही; त्यांचे कष्ट आम्ही पाहिले आहेत. प्रश्न स्मृतिलेखनाच्या सचोटीचा आहे. धरणाखाली गेलेल्या गावांची कैफियत विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) मांडली. ती वाचताना आपण विस्थापितांच्या बाजूचे असतो, कारण ते धरण आपल्या बालपणात नसते. स्वतःच्या शाळेच्या मैदानाखाली कुणाचे शेत आहे, हे लिहिणे त्याहून कठीण. पण नव्या नगराचे वाङ्मय उभे राहायचे असेल तर ते याच कठीण जागेवर राहील. दोन्ही निबंध शेजारी-शेजारी ठेवल्याखेरीज त्या वर्गाचे चित्र पुरे होत नाही.

असो. आई आजही ते वाक्य म्हणते, आणि लगेच पुढे सांगते, 'पण मासे काय ताजे मिळायचे! कोळीण रोज सकाळी दारात यायची.' काहीच नव्हते, तर ती टोपली घेऊन कुठून येत होती, हे आम्ही तिला इतक्या वर्षांत कधी विचारले नाही.