पडद्यावरचा देह कोणाचा?

मंद्रूपच्या समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका भरते. एका संध्याकाळी आम्ही तिथे भिंतीवर पांढरी चादर लावली आणि उसन्या प्रोजेक्टरवर माणसाच्या शरीराचे त्रिमितीय मॉडेल दाखवले. कातडी बाजूला केली की स्नायू दिसायचे, स्नायू काढले की बरगड्या, बरगड्यांच्या आत धडधडणारे हृदय. मुले खुळावल्यासारखी बघत होती. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा माणूस कोण होता?"

आम्ही गप्प झालो. हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. आज वैद्यकीय शिक्षणात डिजिटल शरीराचा मोठा बोलबाला आहे. टेबलाएवढ्या पडद्यावर बोटाने 'विच्छेदन' करता येते, प्रेताची गरज उरणार नाही, असे सांगितले जाते. पण पडद्यावरचे शरीर आकाशातून पडत नाही. त्यामागे कुणाचा तरी देह असतो.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ साली 'व्हिजिबल ह्युमन' प्रकल्पातील पुरुषदेहाची चित्रे खुली केली. एक देह गोठवून, एकेक मिलिमीटरचा थर काढत, त्याची अठराशेहून अधिक छायाचित्रे घेतली होती. पुढे जगभर अनेक मॉडेले त्यावरून तयार झाली. तो देह होता जोसेफ पॉल जर्निगन या कैद्याचा. टेक्सासमध्ये १९९३ साली त्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला. त्याने देहदानाला संमती दिली होती. पण फाशीच्या कोठडीतली संमती कितपत मोकळी असते? व्हिएन्नाच्या पेर्नकॉफचा सुंदर रंगीत शरीरचित्रसंग्रह डॉक्टरांनी दशकानुदशके वापरला. त्यातली काही चित्रे नाझींनी मारलेल्या माणसांच्या देहांवरून काढली होती, हे फार उशिरा चर्चेत आले.

आपल्याकडे काय वेगळे आहे? इंग्लंडने १८३२ च्या कायद्याने गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) मेलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या गरिबांचे देह शरीरशास्त्राच्या शाळांना दिले. तीच रीत मुंबई राज्याच्या १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यात आहे. दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेलेल्या ज्या माणसाला कुणी वाली नाही, त्याचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. बेवारस कोण मरतो? बंगल्यातला शेठ बेवारस मरत नाही. फुटपाथवरचा, पोटासाठी गाव सोडलेला, नाक्यावर मजुरी करणारा मरतो. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले ते बहुतांशी या माणसांच्या देहावर. अलीकडे स्वेच्छेने देहदान करणारे वाढत आहेत, त्यांना आमचा सलाम. पण पाया कुणाचा आहे हे विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ज्यांचे देह वापरले त्यांना ते ज्ञान मिळाले का? सुश्रुतसंहितेत शरीर डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह आहे. देह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, कुजल्यावर कुंच्याने थर घासत पाहावा, असे तिथे सांगितले आहे. पण ज्या समाजात मनुस्मृती रजस्वला, बाळंतीण, चांडाळ आणि प्रेत यांना एकाच ओळीत बसवून त्यांच्या स्पर्शानंतर स्नान सांगते आणि वैद्याच्या घरचे अन्नही निषिद्ध ठरवते, तिथे शरीरशास्त्र जगणार कसे? पोथी एका जातीकडे राहिली आणि मेलेल्याला हात लावणे दुसऱ्या जातीच्या गळ्यात मारले गेले. मेलेले जनावर ओढून नेणाऱ्या, सोलणाऱ्या आमच्या बापजाद्यांना काळीज कुठे, वजडी कुठे, कोणता सांधा कुठून सुटतो हे हाताने ठाऊक होते. त्यांच्या हाताला पुस्तक मिळाले नाही आणि पुस्तकवाल्यांनी हात विटाळू दिला नाही. कलकत्त्यात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालवली, ती एवढी मोठी घटना ठरली यातच सगळे आले.

युरोपातही प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून ग्रंथ वाचायचा आणि खाली न्हावी प्रेत कापायचा. वेसालियस खुर्चीवरून उतरला, सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि १५४३ साली त्याच्या ग्रंथाने जुन्या पोथीतल्या चुका दाखवल्या. आपल्याकडची खुर्ची अजून उतरलेली नाही. आजही अनेक ठिकाणी शवविच्छेदनगृहात प्रत्यक्ष कापतो तो सफाई कामगार आणि अहवालावर सही डॉक्टरची. तो कामगार बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

म्हणून डिजिटल मॉडेलचे स्वागत करताना आम्ही सावध आहोत. 'हात न लावता शिका' हे वाक्य ऐकले की आम्हाला जुना विटाळ नव्या कपड्यात दिसतो. होणाऱ्या डॉक्टरने खऱ्या देहाला हात लावलाच पाहिजे. दोन माणसांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात, पडदा मात्र एकच नमुना दाखवतो. ज्या महाविद्यालयाकडे पुरेसे देह नाहीत, त्याने महागडा पडदा दाखवून भरमसाट फी घ्यावी हे आम्हाला मान्य नाही.

पण या तंत्राला विरोध करणे हा शुद्ध करंटेपणा ठरेल. खऱ्या देहापर्यंत फक्त वैद्यकीय महाविद्यालयात गेलेला पोहोचतो. मॉडेल मंद्रूपच्या समाजमंदिरातही पोहोचते. जपानमधल्या 'बॉडीपार्ट्‌स थ्रीडी' आणि त्यावर उभे राहिलेल्या 'झेड-अ‍ॅनाटॉमी'सारखी फुकट, खुली मॉडेले आज आहेत. अडचण पैशाची नाही, इच्छेची आणि भाषेची आहे. आमच्या पडद्यावर सगळी नावे इंग्रजी आणि लॅटिन होती. मुलांच्या पुस्तकात अलिंद आणि निलय, पडद्यावर एट्रियम आणि व्हेंट्रिकल, आणि घरी सगळ्याला मिळून एकच शब्द, काळीज. विजापूर रस्त्यावरच्या आमच्या या पट्ट्यात कित्येक मुलांच्या घरात तर कन्नड बोलतात. मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तके आणली. त्यामागच्या राजकारणाशी आमचे भांडण आहे, पण शरीराचे ज्ञान आईच्या भाषेत हवे यावर भांडण असू शकत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत खुले शरीर-मॉडेल मराठी नावांसह, सीमाभागात कन्नड नावांसह दाखवावे. आशाताईंच्या प्रशिक्षणात ते असावे, म्हणजे गर्भाशय कुठे आणि कसे आहे हे बाईला तिच्याच भाषेत समजावता येईल. पाळी हा विटाळ नाही हे शंभर भाषणांपेक्षा एक चित्र लवकर पटवते. शवविच्छेदनगृहातल्या कामगाराला याच मॉडेलवर रीतसर शिकवावे, प्रमाणपत्र द्यावे, हातमोजे आणि पगार द्यावा. आणि सरकारी पैशातून तयार होणारे प्रत्येक मॉडेल सर्वांना फुकट असावे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे संविधानाच्या कलम ५१ क ने नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. साधनच दिले नाही तर कर्तव्य पार पाडायचे कशाने?

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, कारण शिकायला आधी जागा लागते. आज ती जागा भिंतीवरच्या एका चादरीएवढीही असू शकते.

त्या मुलीला आम्ही जर्निगनची गोष्ट सांगितली, बेवारस देहांचीही सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यासारख्यांचंच आहे की ते." होय पोरी, आपलेच आहे. ज्यांच्या देहावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांच्या लेकरांचा त्यावर पहिला हक्क आहे. तो आपण मागून नव्हे, शिकून घेऊ.

जय भीम! जय संविधान!