मीटर असेल, तरच सूर्य तुमचा?

व्हॅनमध्ये संसार थाटून फिरणाऱ्यांची रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. डोंगरावर गाडी उभी, आत पंखा, फ्रिज, लॅपटॉप सगळं चालू आणि विजेचा खांब कुठेच नाही. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण गाडीत वीज येते कुठून? हिशेब बारावीच्या फिजिक्सपेक्षा सोपा आहे, बघा.

आधी खर्च. १२ व्होल्टवर चालणारा २० वॉटचा पंखा रात्री ८ तास चालला, की १६० वॉट-तास. दोन एलईडी दिवे ५०, लॅपटॉप १५०, दोन मोबाइल ३०, छोटा फ्रिज दिवसाला साधारण ४५०. बेरीज ८४०. म्हणजे एक युनिटसुद्धा नाही!

आता जमा. पॅनल दिवसभर उन्हात असलं, तरी पूर्ण क्षमतेने सरासरी साडेचार-पाच तासच चालल्यासारखं धरायचं. धूळ, उष्णता, वायरिंग यात ३० टक्के जातात. तरी ३०० वॉटचं पॅनल दिवसाला ९०० च्या वर देतं. भागलं की! एसी मात्र विसरा. रात्रीत पाच-सहा युनिट खाणाऱ्या एसीला दोन हजार वॉटच्या आसपास पॅनल लागतील, तेवढी जागा टपावर नाही. त्यात आपल्या जिंतूरचा मे महिना. गाडी सावलीत लावली तर पॅनल झोपतं, उन्हात लावली तर आपण भाजतो.

खरा पैसा जातो बॅटरीत. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. लिथियमची ८०-९० टक्के वापरता येते, पण ती घेताना खिसा जास्त रिकामा होतो.

हौसेनं वायर सोडणाऱ्यांचं हे गणित झालं. पोटासाठी सोडणाऱ्यांचं काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पुढचे चार-पाच महिने मुक्काम कोपीत. पहाटे अंधारात उठून भाकरी थापायची, बायकांनी अंधारातच बाहेर जायचं, विंचू-सापाची धास्ती वेगळीच. आपल्याच तालुक्यात येलदरी धरणावर २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. पण माणूस गाव सोडून निघाला, की वीज त्याच्यासोबत निघत नाही.

कोपीचा हिशेबही तोच. दोन दिवे, दोन मोबाइल, एक छोटा पंखा : २४० वॉट-तास. १०० वॉटचं एक पॅनल आणि स्कूटरच्या बॅटरीहून मोठी, पण दोन हातांत उचलता येईल अशी लिथियम बॅटरी एवढ्यात काम होतं. व्हॅनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी!

मग अडलंय कुठे? योजनांचा पत्ता बघा. २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरावरच्या सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्याला स्वतःचं छप्पर आणि वीजजोडणी लागते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, पण त्याला जमीन आणि पाण्याचा स्रोत लागतो. योजना चुकीच्या नाहीत. पण त्या जागेला वीज देतात, माणसाला नाही. ज्याची जागाच दर हंगामाला बदलते, तो कुठल्याच अर्जात बसत नाही.

'कोपी तात्पुरती असते, तिथे कशाला खर्च?' असं कुणी म्हणेल. अहो, व्हॅनही रोज जागा बदलते. कोपी मोडली तरी पॅनल गुंडाळून ट्रॉलीत टाकता येतं, पुढच्या हंगामात पुन्हा चालतं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. त्याला कारखान्यांकडून टनामागे १० रुपये द्यायचं ठरलेलं आहे. प्रत्येक कोयत्यामागे असा एक संच देणं या निधीचं काम का असू नये?

तुमच्या वर्गातही असा कुणी असेल, ज्याचे आई-बाबा आत्ता फडात आहेत. संध्याकाळी त्यांचा फोन का लागत नाही, हे त्याला विचारा. बऱ्याचदा नेटवर्क असतं, चार्जिंग नसतं.