दुखण्यातून उठल्यावर

दीर्घ आजारातून उठलेला एखादा कारकून किंवा शिक्षक अंदमानला जातो, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरतो, प्रवाळ पाहून येतो आणि परतल्यावर त्याची छायाचित्रे सहकाऱ्यांना दाखवतो, तेव्हा त्याच्याकडे दोन नजरांनी पाहिले जाते. कोणी त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. शेजारच्या टेबलावरचा मात्र त्याच्या वैद्यकीय रजेच्या अर्जाची मनातल्या मनात तपासणी करू लागतो. जो समुद्रात बुड्या मारू शकतो तो आजारी कसला, हा त्याचा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. वस्तुतः तो चुकीचा आहे, आणि ही चूक एका कचेरीपुरती मर्यादित नाही.

आजार संपणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे आपल्याकडे पूर्वी सर्वमान्य होते. ‘हवापालट’ हा शब्द त्याची साक्ष देतो. ज्याची ऐपत असे त्याला वैद्य पाचगणीला किंवा देवळालीला, विदर्भातल्याला चिखलदऱ्याला अथवा पचमढीला जाण्याचा सल्ला देत. क्षयरोगाच्या बाबतीत तर स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागेपर्यंत विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार याच औषधावर सारी भिस्त होती. मिरज आणि पाचगणी येथील आरोग्यधामे त्याच समजुतीवर उभी राहिली.

हे चित्र पालटले ते मद्रासला. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना दाटीवाटीच्या वस्तीतील त्यांच्या घरीच ठेवले आणि दोघांनाही सारखीच औषधे दिली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, त्यांना विश्रांतीही कमी मिळत होती. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, औषधांचा गुण दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आला. गरीब देशांच्या आरोग्यनीतीला या प्रयोगाने नवी दिशा दिली. ज्यांना आरोग्यधामाची खाट कधीच मिळाली नसती अशा असंख्य माणसांचे प्राण त्यामुळे वाचले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

तथापि त्या प्रयोगाने सिद्ध केले होते ते एवढेच की, जंतू मारण्यासाठी विश्रांती आवश्यक नाही. सरकारी तिजोरीने त्यातून अर्थ काढला तो असा की, विश्रांतीच आवश्यक नाही. या दोन विधानांत किती अंतर आहे हे ज्याने सहा महिने अंथरूण धरले आहे त्याला सांगावे लागत नाही. खर्चाच्या यादीतून एकदा गाळलेली बाब पुढे बाजाराने उचलली. हवापालटाची जागा सहलीने घेतली आणि पाचगणीची जागा स्वराज द्वीपाने, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकने. (अंदमान म्हटले की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवते. त्या ‘काळ्या पाण्या’त कोणी दुखणे विसरायला, तेही पदरचे पैसे मोजून, उतरेल हे शतकापूर्वी कोणाला खरे वाटले नसते.)

अशा बुडीला निव्वळ चैन म्हणणे अन्यायाचे होईल. दीर्घ आजारात माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास उडतो. पायरी चढताना तो छातीकडे लक्ष ठेवतो, घास घेताना पोटाकडे. पाण्याखाली देहाचा भार पाणी पेलते. श्वास संथ ठेवावाच लागतो आणि प्रत्येक श्वासाचा आवाज कानी येतो. जे शरीर महिनोन्‌महिने शत्रूसारखे वागले ते पुन्हा आपले ऐकते, हा अनुभव औषधाच्या कोणत्याही बाटलीत नाही.

अर्थात समुद्र भाबडेपणा सहन करत नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास वर येताना प्रसरण पावतो, आणि जुन्या क्षयाने किंवा शस्त्रक्रियेने फुफ्फुसात हवा अडकून राहील अशी जागा झाली असेल तर तीच हवा फुफ्फुस फाडू शकते. म्हणून बुडीपूर्वी भरून घ्यावयाच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर १० प्रश्न असतात. फुफ्फुस, हृदय, शस्त्रक्रिया, कान, नियमित घ्यावी लागणारी औषधे असे ते विषय असून उत्तर काळजीचे आले की डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देऊ नये असा संकेत आहे. पर्यटनाच्या धंद्यात हा कागद पुष्कळदा न वाचताच सहीसाठी पुढे केला जातो, ही गोष्ट वेगळी. तारकर्लीजवळ मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी नाव उलटून दोन पर्यटक दगावले. तो अपघात पाण्याखालचा नव्हता. पण या धंद्यातील शिस्तीविषयीचा प्रश्न त्यानेही पुढे आणला.

आता ही प्रश्नावली अंदमानच्या किनाऱ्यावरून भंडारा जिल्ह्यात आणून पाहावी. मोहाडी तालुक्यातील करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचे गाव. पाण्यात उतरणे ही येथे सहल नाही. ढिवर तलावात उतरतो तो मासळीसाठी आणि शिंगाड्यासाठी; बायका बांधीत उतरतात त्या रोवणीसाठी. जुलै-ऑगस्टच्या पावसात, चिखलपाण्यात, दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे लावायचे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. थंडी, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे या रुग्णांच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. याच कारणांसाठी अशा रुग्णाला समुद्रातील बुडीची परवानगी डॉक्टर सहसा देत नाहीत. मात्र नागपूरच्या इस्पितळातून आठवड्यापूर्वी घरी आलेली तशीच एखादी बाई रोवणीला उतरते तेव्हा तिला कोणी १० प्रश्न विचारत नाही, एकही विचारत नाही. थंडी, श्रम आणि तहान ही तिन्ही तर बांधीत रोजची आहेत.

ती उतरते याचे कारण अज्ञान नव्हे, हिशेब आहे. पऱ्हे थांबत नाहीत, आणि हातात रोख मजुरी येण्याचे दिवसही वर्षातून थोडेच. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाकाठी २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती निम्म्या दिवसांच्या पूर्ण पगारी रजेत परिवर्तित होते. १५ वर्षांची नोकरी झालेल्या आणि रजा न वापरलेल्या माणसापाशी अशी १५० दिवसांची पुंजी असते. राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. केंद्र सरकार तर आपल्या कर्मचाऱ्यांना २०१४ पासून रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाण्याची विशेष मुभा देत आले आहे. विश्रांतीचा खर्च शासनाला पेलवत नाही असे म्हणण्याला मग फारसा अर्थ उरत नाही. जिला विश्रांती सर्वांत महाग पडते तिलाच ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. परंतु त्या योजनेची दृष्टी रुग्णाला घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतच पोहोचते, आणि तीही औषधे व तपासण्यांपुरती. बुडालेली मजुरी तिच्या हिशेबात नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. सहा महिन्यांच्या उपचाराचे ६००० होतात. उपचार संपले की तेही थांबतात.

या मागणीला पूर्वोदाहरण नाही असा आक्षेप अर्थखाते घेईल. ते आहे, आणि केंद्र सरकारचेच आहे. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी ५००० रुपये दिले जातात आणि बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई करून स्त्रीला प्रसूतीच्या आधी व नंतर पुरेशी विश्रांती घेता यावी, असा हेतू त्यात स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मान्य झाले आहे. असंघटित मजुराची विश्रांती ही सार्वजनिक खर्चाची बाब असू शकते, हे शासनाने स्वतःच्या लेखणीने कबूल केले आहे. ते बाळंतपणाला लागू व्हावे आणि मोठ्या शस्त्रक्रियेला, क्षयाला वा सिकलसेलच्या झटक्याला लागू होऊ नये, याचे कारण काय?

गैरवापर होईल, खोटे दाखले निघतील, ही भीती अगदीच अनाठायी नाही. मात्र खोटे दाखले कचेऱ्यांतही निघतात आणि त्यासाठी कोणी वैद्यकीय रजा बंद केलेली नाही. येथे तर रुग्णालयातून घरी सोडल्याची नोंद योजनेच्या दप्तरात आपोआप झालेली असते. घरी सोडतानाच्या कागदावर डॉक्टरने किती आठवडे श्रमाचे काम वर्ज्य आहे ते लिहावे, आणि तेवढ्या आठवड्यांचे किमान वेतन रुग्णाच्या खात्यात जमा व्हावे. गावातील आशा कार्यकर्तीला तसेही त्या घरी जावेच लागते.

यासाठी अंदमानला जाऊन आलेल्या कारकुनाची सहल हिरावून घेण्याचे प्रयोजन नाही. त्याने जरूर जावे, डॉक्टरची सही खरोखरीची घ्यावी आणि कचेरीत छायाचित्रे दाखवताना ओशाळू नये. प्रश्न करडीचा आहे, आणि तेथील वेळापत्रक पावसाच्या हाती आहे. निर्णय व्हायचा असेल तर तो मृगापूर्वी व्हावा. पऱ्हे एकदा उपटण्याजोगे झाले की बांधीत कोण किती बरी झाली आहे हे विचारायला कोणी थांबत नाही.